हार्त्स: खाणींनी लावलेलं जंगल

वेर्निगेरोडेहून ब्रोकन शिखराकडे निघालेली वाफेच्या इंजिनाची गाडी शीर्के स्टेशन सोडते आणि सगळे खिडकीशी येतात. ब्रोकन हे हार्त्स डोंगररांगेतलं आणि उत्तर जर्मनीतलं सर्वांत उंच शिखर, १,१४१ मीटर. गटेच्या 'फाउस्ट'मधला चेटकिणींचा मेळा इथलाच. हल्ली मात्र प्रवासी बघत राहतात ते वाळून करडी पडलेली स्प्रूसची खोडं. डोंगरच्या डोंगर तसेच.

२०१८पासून सलग तीन वर्षं पावसानं ओढ दिली. साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्याला धडधाकट स्प्रूस राळेत बुडवून मारतो. तहानलेल्या झाडांकडे तेवढी राळच उरली नाही. हा किडा जेमतेम पाच मिलिमीटरचा. सालीखाली बोगदे कोरून अंडी घालतो, आणि उन्हाळा कडक असेल तर एका हंगामात त्याच्या दोन-तीन पिढ्या होतात. बुंध्याशी तपकिरीसारखा भुसा दिसला, की झाड हातचं गेलं.

हळहळ वाटते खरी, पण हे काही अनादी अरण्य नव्हतं. हार्त्समध्ये चांदी-शिशाच्या खाणी होत्या. त्यांच्या भट्ट्यांनी आणि भुयारांना लागणाऱ्या टेकूंनी खालच्या उतारांवरचं बीच वृक्षांचं रान खाल्लं. त्या जागी झटपट, सरळसोट वाढणारा स्प्रूस आला. दुसऱ्या महायुद्धानंतर उघड्या पडलेल्या उतारांवरही तोच. मूळचा तो वरच्या थंड पट्ट्यातला. त्याला खाली आणून एकाच वयाच्या रांगांत उभं केलं होतं.

हार्त्समधल्या राष्ट्रीय उद्यानात आता मेलेली झाडं बहुतेक ठिकाणी तशीच राहू देतात. त्यांच्या आडोशाला बर्च (आपल्या भूर्जाचा भाऊबंद) आणि लाल फळांचा रोवन आपसूक उगवतात. एकाचं बी वारा आणतो, दुसऱ्याचं पाखरं. बीचचं बी जड, ते उडत नाही. जवळपास जुनं झाड नसेल तर माणसानंच लावायचं, आणि खालच्या पट्ट्यात उद्यानानं ते लावलंही आहे.

उद्यानाबाहेर लाकडावर पोट असणाऱ्यांना इतका धीर कुठला? पण नुसता बीच लावावा, तर त्या दुष्काळात जर्मनीतले बीचही होरपळले. म्हणून ओक, मेपल, लार्च अशी सरमिसळ. अमेरिकेतून आलेला डग्लस फर कोरडेपणा स्प्रूसपेक्षा बरा सोसतो, पण निसर्गप्रेमींना हा परका पाहुणा नको. सरमिसळीत तो थोडा असायला हरकत नसावी; डोंगरभर तोच लावला, तर पुन्हा खाणवाल्यांचीच चूक. शिवाय हरणांना ओक-मेपलचे कोवळे शेंडे स्प्रूसपेक्षा जास्त आवडतात. त्यामुळे लागवडीला कुंपण घालावं लागतं, आणि शिकार किती वाढवायची यावर वनवाले आणि शिकारी अजून भांडताहेत.