उजेड चोरणारा कावळा

दोस्तांनो, चोरी करणं वाईट, हे तुम्हांला घरीदारी शंभरदा ऐकवलेलं असणार. पण जगाच्या पाठीवर काही लोक असे आहेत, की त्यांच्या गोष्टीत एक चोरी झाली म्हणूनच सगळ्यांचं भलं झालं. आणि चोर कोण? चक्क कावळा!

हे लोक म्हणजे हैदा. जरा नकाशा उघडा. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगत, पॅसिफिक महासागरात, बेटांचा एक पुंजका दिसेल. तेच हैदा ग्वाई. जुन्या नकाशात तिथं 'क्वीन शार्लट बेटं' असं लिहिलेलं असेल. २०१० साली बेटांना त्यांचं आपलं नाव परत मिळालं. इथं सीडरची उंचच उंच झाडं आहेत. एकेक खोड कोरून हैदा लोक मोठाल्या होड्या करायचे, घरासमोर कोरीव खांब उभारायचे. प्रत्येक हैदा माणूस दोनपैकी एका गटाचा असतो, कावळ्याच्या नाहीतर गरुडाच्या. आणि हा गट मिळतो आईकडून, बरं का!

त्यांचा कावळा म्हणजे रेव्हन, आपल्या कावळ्याचा धिप्पाड भाऊबंद. आता त्याचा प्रताप ऐका.

फार फार पूर्वी सगळीकडे मिट्ट काळोख होता. नदीकाठी एक म्हातारा आपल्या मुलीबरोबर राहायचा. त्याच्याजवळ एक पेटारा होता. त्या पेटाऱ्यात दुसरा, दुसऱ्यात तिसरा, असे कितीतरी. आणि सगळ्यांत आतल्या इवल्याशा पेटीत होता जगातला सगळा उजेड! काळोखात ठेचा खाऊन वैतागलेल्या रेव्हनला याचा सुगावा लागला. पण घरात शिरायचं कसं?

मुलगी पाण्याला आली, तेव्हा तो झाडाचं सुईएवढं पान झाला आणि पाण्यात पडला. तिनं पाणी प्यायलं, पान पोटात गेलं आणि काही दिवसांनी तिला मुलगा झाला. झालं! रेव्हन आता नातू बनून घरात रांगू लागला. नाक जरा लांब, डोळे भलतेच चमकदार. पण काळोखात दिसतंय कुणाला?

मग सुरू झाला हट्ट. 'आजोबा, पेटारा हवा!' आजोबा रागावले. नातवानं भोकाड पसरलं. शेवटी आजोबांनी वरचा पेटारा दिला. दुसऱ्या दिवशी पुढचा. असं करत करत एक दिवस त्यांनी उजेडाचा गोळाच नातवाकडे टाकला. त्याच क्षणी नातवाला पंख फुटले! गोळा चोचीत धरून रेव्हन धुराड्यातून भुर्रकन बाहेर. गरुड पाठीमागे लागला, तेव्हा गोळ्याचा एक तुकडा खाली पडून फुटला. त्याचे झाले चंद्र आणि तारे. उरलेला त्यानं पुढे सोडला, तो झाला सूर्य.

आता गंमत बघा. रेव्हननं हे काही लोकांवर उपकार म्हणून केलं नव्हतं. तो मुलखाचा हावरा, लबाड आणि कायमचा भुकेला. कितीतरी गोष्टींत त्याची फजितीही होते. पण त्याच्या उचापतींतूनच जग घडत जातं. एकदा त्याला किनाऱ्यावर एक भलामोठा शिंपला सापडला. आत इवले इवले जीव घाबरून बसले होते. रेव्हननं गोड बोलून त्यांना बाहेर काढलं. तीच पहिली माणसं! बिल रीड या हैदा शिल्पकारानं हा प्रसंग लाकडात कोरला. १९८० साली पुरं झालेलं ते शिल्प व्हँकूवरच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात आहे.

पण या गोष्टी आपल्यापर्यंत पोचल्याच नसत्या. १८६२ साली देवीची भयंकर साथ आली. गावंच्या गावं ओस पडली. शतक संपताना हजारही हैदा उरले नव्हते. त्यात १८८५ ते १९५१ या काळात, ज्या मेजवान्यांत नाच व्हायचे, गोष्टी सांगितल्या जायच्या, त्या पॉटलॅचवर सरकारनं कायद्यानं बंदी घातली. मुलांना वसतिशाळांत नेलं आणि तिथं आपली भाषा बोललं की शिक्षा!

१९०० साली जॉन स्वॉन्टन नावाचा सत्तावीस वर्षांचा अमेरिकन अभ्यासक बेटांवर आला. स्काय नावाचे म्हातारे कथेकरी आणि गांडल नावाचे आंधळे कथेकरी त्याला गोष्टी सांगू लागले. हेन्री मूडी हा हैदा माणूस मदतीला होता. स्वॉन्टननं त्या गोष्टी हैदा भाषेतच, सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहून घेतल्या आणि सांगणाऱ्यांची नावंही जपली. म्हणून सव्वाशे वर्षांनी आज त्यांचे शब्द वाचता येतात.

हैदा भाषा सफाईनं बोलणारे आता अगदी थोडे, तेही बहुतेक म्हातारे. पण लोक हरलेले नाहीत. २०१८ साली एक संपूर्ण हैदा भाषेतला चित्रपट निघाला. बहुतेक नटांना भाषा येत नव्हती, म्हणून आधी शिबिर भरवून त्यांना ती शिकवली!

तुमच्या आजीला किंवा शेजारच्या एखाद्या आजोबांना अशी एखादी गोष्ट ठाऊक असेल, जी कुठल्याच पुस्तकात नाही. या सुट्टीत वही-पेन्सिल घेऊन त्यांच्याजवळ बसा. ते बोलतील तश्शीच लिहा, 'शुद्ध' करायला जाऊ नका. आणि हो, खाली सांगणाऱ्याचं नाव घालायला विसरू नका!