पोटगी मिळाली, वाटा राहिला

1955 साली हिंदू विवाह कायदा आला, तेव्हा मराठी माणसाला कायदेशीर घटस्फोट नवा नव्हता. सयाजीरावांच्या बडोद्यात तो 1931 मध्ये आणि मुंबई प्रांतात 1947 मध्ये आला होता. पण दोघांनी मिळून जमवलेल्या मालमत्तेचं काय करायचं, याचं उत्तर नव्या कायद्यानेही जेमतेमच दिलं. कलम 27 नुसार न्यायालयाला आदेश देता येतो तो लग्नात किंवा लग्नाच्या सुमारास मिळालेल्या, दोघांच्या मालकीच्या वस्तूंबद्दल. म्हणजे आहेरातली भांडी आणि कपाट यांचा निवाडा होतो. पुढच्या वीस वर्षांत घेतलेला फ्लॅट, शेत, दुकान ज्याच्या नावावर, त्याचं. कलम 25 मध्ये पोटगीची सोय ठेवली. गेल्या सत्तर वर्षांत पोटगीचा हक्क वाढत गेला, मालकीचा मात्र जवळपास जिथल्या तिथे राहिला. आपल्या कौटुंबिक कायद्यातला हा सर्वांत मोठा अन्याय आहे.

स्त्रीधनाची लढाई त्यातल्या त्यात जिंकली गेली. प्रतिभा राणी खटल्यात 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बाईचे माहेरून आलेले दागिने तिचेच. नवरा आणि सासरचे फक्त सांभाळणारे. परत दिले नाहीत तर तो फौजदारी विश्वासघात. 2024 मध्येही न्यायालयाने पुन्हा बजावलं की स्त्रीधन ही नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता नव्हे. तरी कोर्टात पहिला प्रश्न येतो तो पुराव्याचा. सोनाराची पावती वडिलांच्या नावे, तीही कित्येकदा हरवलेली. मग लग्नाचा अल्बम काढून, फोटोतल्या पाटल्या आणि तोडे मोजून यादी करावी लागते.

घराच्या मालकीचा प्रश्न महाराष्ट्रात आधी चळवळींनी हाती घेतला. संगमनेरला निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकलेल्या बायकांना संघटित केलं आणि घर नवरा-बायको दोघांच्या नावावर करण्याची मागणी लावून धरली. 1986 च्या चांदवड अधिवेशनानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली आणि अनेक शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा खुशीने बायकोच्या नावे केला. 1994 मध्ये राज्याने कायदा करून वडिलार्जित मालमत्तेत मुलीला मुलाबरोबरीचा हक्क दिला. बाईला वडिलांच्या घरात वाटा मिळाला; जे घर तिने स्वतः उभं केलं, त्यात नाही.

2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला. 2006 च्या बत्रा निकालाने तो आकसला, 2020 च्या आहुजा निकालाने पुन्हा रुंदावला: घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तिला तिथे राहण्याचा हक्क मागता येतो. पण तो हक्क फक्त राहण्याचा.

कर्जाची बाजू तर क्वचितच बोलली जाते. गृहकर्ज घेताना बायकोचं उत्पन्न धरलं की रक्कम वाढते, म्हणून सहकर्जदार म्हणून तिची सही होते. खरेदीखतावर तिचं नाव असेलच असं नाही. बँकेच्या लेखी दोघंही संपूर्ण कर्जाला जबाबदार. परस्परसंमतीच्या घटस्फोटात ‘यापुढचे हप्ते पती भरेल’ असं लिहिलं जातं, पण त्या अटी बँकेवर बंधनकारक नसतात. त्याने हप्ते थकवले की नोटीस तिलाही येते. कर्जात ती बरोबरीची आणि घरात परकी, अशी वेळ त्या एका सहीने येते. 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालाने दोघांनाही मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर जाहीर करणं सक्तीचं केलं. लपवाछपवीला त्याने थोडा आळा बसला, तरी तो हिशेब पोटगी ठरवण्यासाठी आहे, वाटणीसाठी नव्हे.

तेरेखोल नदी ओलांडली की चित्र पालटतं. गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज संहितेचा वारसा मुक्तीनंतरही टिकला. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी, आणि संसारासाठी काढलेलं कर्जही दोघांचं. एकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय घर विकता येत नाही. आयकर कायद्यातही 1994 मध्ये कलम 5अ घालून गोव्यातल्या जोडप्यांचं पगाराखेरीजचं उत्पन्न दोघांत समान विभागलं गेलं. जुन्या संहितेत कारभार नवऱ्याच्याच हाती होता, हा तिचा मोठा दोष. तरी निम्म्या वाट्यासाठी तिथल्या बाईला आपण किती पैसे घातले हे सिद्ध करावं लागत नाही.

देशभर असा वाटा देण्याचा एक प्रयत्न झाला. नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत बायकोला हिस्सा देऊ पाहणारं विधेयक 2013 मध्ये राज्यसभेत मंजूर झालं, पण लोकसभेत अडकलं आणि 2014 मध्ये बारगळलं. 2023 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका गृहिणीच्या घरकामाला मालमत्तेतलं योगदान मानून समान हिस्सा दिला. तो एका खटल्यापुरता दिलासा झाला. प्रत्येक बाईने वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवून तो मिळवावा, हे बरं नव्हे.

विवाह आणि वारसा हे समवर्ती सूचीतले विषय आहेत. मुलींना वारसा देण्यासाठी 1994 मध्ये महाराष्ट्र केंद्रासाठी थांबला नाही; केंद्राला तिथे पोचायला 2005 उजाडलं. आता राज्याने आणखी एक कायदा करावा: लग्नानंतर जमवलेलं दोघांचं, घरासाठी काढलेलं कर्ज दोघांचं, आणि जोडीदाराला अंधारात ठेवून केलेलं कर्ज ज्याचं त्याने फेडायचं.