मॉपची मोजणी जुळली, तरीही…

पोटाचं ऑपरेशन संपत आलं की टाके घालण्याआधी सर्जन विचारतात, ‘सिस्टर, मॉप काउंट?’ सिस्टर रक्ताने भिजलेले मॉप (रक्त टिपायचे कापडी तुकडे) पाच-पाचच्या गटांत लावून मोजतात, फळ्यावरच्या आकड्याशी ताळा करतात आणि ‘करेक्ट आहे, सर’ म्हणतात. मग पोट बंद होतं. ही शिस्त चांगलीच आहे. पण रक्ताने माखलेला मॉप आतड्यांच्या वळणांत शिरला की तो डोळ्यांना वेगळा ओळखू येत नाही.

१९६३ साली औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणानंतरच्या नसबंदी शस्त्रक्रियेत एका महिलेच्या पोटात असाच मॉप राहिला आणि त्यात तिचा जीव गेला. या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला १९९६ साल उजाडलं.

मोजणी काटेकोर केली तर असं होणार नाही, हा समज डॉ. अतुल गावंडे आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या अमेरिकेतल्या अभ्यासाने खोटा ठरवला. शरीरात वस्तू राहिलेल्या ५४ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. ज्यांच्या बाबतीत मोजणीची नोंद होती, त्यांतल्या ८८ टक्के रुग्णांच्या कागदावर शेवटचा आकडा जुळलेलाच होता! तातडीच्या ऑपरेशनमध्ये तर हा धोका नऊपट निघाला.

इथे आरएफआयडी, म्हणजे रेडिओलहरींनी वस्तू ओळखण्याचं तंत्र, कामाला येतं. मॉपमध्ये बसवलेल्या छोट्या टॅगला बॅटरी लागत नाही. रीडरच्या रेडिओलहरींतूनच त्याला ऊर्जा मिळते आणि तो आपला क्रमांक कळवतो. टोलनाक्यावरचा फास्टॅग याच तत्त्वावर चालतो. बारकोड दिसावा लागतो, टॅग दिसावा लागत नाही. मात्र फास्टॅगच्या लहरी पाण्यात आणि रक्तात शोषल्या जातात, म्हणून शरीराच्या आतल्या शोधासाठी कमी फ्रिक्वेन्सी वापरतात. २००६ साली स्टॅनफर्डमध्ये आठ रुग्णांवर चाचणी झाली. एका सर्जनने पोटात मॉप ठेवले आणि ते कुठे आहेत हे माहीत नसलेल्या दुसऱ्याने वरून रीडर फिरवला. सगळे मॉप सापडले, तेही सरासरी तीन सेकंदांच्या आत.

नवजात बाळाच्या पायातला पट्टा, रक्ताच्या पिशव्या, ऐनवेळी न सापडणारे इन्फ्युजन पंप, सगळीकडे हेच तंत्र वापरलं जातं. तेही उपयोगी आहे, पण माझ्या मते पहिला मान ऑपरेशन टेबलाचा.

एक धोका मात्र गांभीर्याने घ्यायला हवा. २००८ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी रुग्ण न जोडता ४१ वैद्यकीय उपकरणांजवळ आरएफआयडी चालवून पाहिलं. १२३ चाचण्यांत ३४ वेळा उपकरणांच्या कामात अडथळा आला आणि त्यांतले २२ प्रसंग घातक ठरू शकणारे होते. सिरिंज पंप थांबले, व्हेंटिलेटर बंद पडले. यातला मोठा वाटा ८६८ मेगाहर्ट्‌झच्या यंत्रणेचा होता. आपला फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झवर चालतो, म्हणजे अगदी शेजारीच.

म्हणून रुग्णालयांच्या व्यवस्थापनांना कळकळीची विनंती: रीडर अतिदक्षता विभागात नेण्याआधी तिथल्या प्रत्येक यंत्राजवळ त्याची चाचणी घ्या. आणि टॅग लावलेले मॉप आणलेत, तरी सिस्टरांची मोजणी एक दिवसही बंद करू नका.