स्मारकसंरक्षण व नोंदणी, वऱ्हाडातील

प्राचीन वास्तू, किल्ले, मंदिरे, लेणी, कोरीव लेख व जमिनीखाली दडलेली वसतिस्थाने यांची शासकीय दप्तरात रीतसर नोंद घेणे आणि कायद्याच्या आधारे त्यांचा नाश, विद्रूपण व अपहार थांबविणे, यास स्मारकसंरक्षण म्हणतात. त्याची दोन अंगे आहेत : नोंद व संरक्षण. ज्या वास्तूची नोंद नाही, तिला कायद्याचे कवच मिळू शकत नाही आणि जिची नोंद आहे पण प्रत्यक्ष देखरेख नाही, तिचे अस्तित्व कागदापुरतेच उरण्याचा धोका असतो. अमरावती व अकोला या वऱ्हाडातील दोन जिल्ह्यांत हा परस्परसंबंध विशेष स्पष्टपणे दिसतो. सातपुड्याच्या रांगेतील डोंगरी किल्ले, पूर्णेच्या खोऱ्यातील यादवकालीन मंदिरे आणि नदीकाठच्या पांढरीच्या टेकाडांतील प्राचीन वसाहती असे तीन वेगवेगळ्या स्वरूपांचे अवशेष या प्रदेशात आहेत व प्रत्येकाच्या संरक्षणाचा प्रश्न वेगळा आहे.

पूर्वपीठिका : स्मारकांचे जतन ही राज्यसंस्थेची जबाबदारी आहे, ही कल्पना एकोणिसाव्या शतकात हळूहळू रुजली. त्यापूर्वी जुन्या इमारतींचा दगड नव्या बांधकामास वापरणे ही सर्वसाधारण रीत होती. अचलपूरजवळील हौज कटोरा या तलावातील अष्टकोनी मनोऱ्याचे वरचे मजले अशाच कारणासाठी उतरविण्यात आले, असे परंपरा सांगते. शासनाकडूनही अशी हानी होई. १८०३ च्या डिसेंबरमध्ये आर्थर वेलस्लीच्या सैन्याने जिंकलेला गाविलगड १८५८ मध्ये बंडखोरांच्या हाती पडू नये म्हणून निकामी करण्यात आला. अकोल्याच्या असदगडाची तटबंदीही सु. १८७० मध्ये मोठ्या प्रमाणावर पाडण्यात आली. संरक्षणाचा कायदा येण्यापूर्वीच या प्रदेशातील काही महत्त्वाच्या वास्तू अशा खंडित झाल्या होत्या.

नोंदीची परंपरा : भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याची स्थापना १८६१ मध्ये झाली व अलेक्झांडर कनिंगहॅम हा त्याचा पहिला प्रमुख होता. वऱ्हाडापुरते पाहता स्थळांची माहिती प्रथम महसुली गॅझेटियरांतून संकलित झाली. ए. सी. लायल याने संपादिलेले वऱ्हाडचे गॅझेटियर १८७० मध्ये प्रसिद्ध झाले. पुरातत्त्वीय दृष्टीने पहिली पद्धतशीर यादी हेन्री कझिन्स याने तयार केली. मध्य प्रांत व वऱ्हाडातील प्राचीन अवशेषांची ही यादी १८९७ मध्ये छापण्यात आली. पुढे अकोला (१९१०) व अमरावती (१९११) या जिल्ह्यांची गॅझेटियरे निघाली. कोरीव लेखांच्या नोंदीचे काम रायबहादूर हिरालाल यांनी केले. त्यांची मध्य प्रांत व वऱ्हाडातील लेखांची वर्णनात्मक सूची १९१६ मध्ये व सुधारित आवृत्ती १९३२ मध्ये प्रसिद्ध झाली. महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर अमरावती (१९६८) व अकोला (१९७७) जिल्ह्यांची गॅझेटियरे नव्याने सिद्ध करण्यात आली.

या याद्या वापरताना जिल्ह्यांच्या बदलत्या सीमा ध्यानात घ्याव्या लागतात. १८९७ च्या यादीच्या वेळी एलिचपूर (अचलपूर) व बासीम (वाशीम) हे स्वतंत्र जिल्हे होते. १९०५ मध्ये त्यांचा अंतर्भाव अनुक्रमे अमरावती व अकोला जिल्ह्यांत झाला. १९९८ मध्ये वाशीम पुन्हा वेगळा जिल्हा झाला. त्यामुळे कारंजा किंवा शिरपूर येथील वास्तू जुन्या दप्तरात अकोला जिल्ह्यात, तर आता वाशीम जिल्ह्यात आढळतात. रिद्धपूर–रिथपूर, बार्शीटाकळी–बार्सी टाकळी, गाविलगड–गावीलगढ अशी गावनावांची भिन्न लेखनेही एकाच स्थळाच्या दोन नोंदी होण्यास कारणीभूत ठरतात. म्हणून नोंदीत गाव, तालुका, भूमापन वा गट क्रमांक, चतुःसीमा, नकाशा व छायाचित्र यांचा समावेश अत्यावश्यक मानला जातो.

नोंदीचे ऐतिहासिक मोल : काटेकोर नोंदीमुळे रूढ समजुतींची दुरुस्ती होते. वऱ्हाडात चुन्याशिवाय घडीव दगडांनी बांधलेल्या प्रत्येक जुन्या मंदिरास ‘हेमाडपंती’ म्हणण्याचा प्रघात आहे आणि त्याचा संबंध यादव राजे महादेव व रामचंद्र यांचा मंत्री हेमाद्री याच्याशी जोडला जातो. तथापि बार्शीटाकळी येथील कालिकादेवीच्या मंदिरातील शिलालेख शके १०९८ (इ. स. ११७६–७७) चा आहे, म्हणजे तो या मंत्र्याच्या काळापूर्वी सु. शंभर वर्षे कोरलेला आहे. लेखाचे वाचन व प्रकाशन झाले नसते, तर मंदिराचा काळ केवळ नावावरून चुकीचा ठरला असता. नरनाळा किल्ल्याच्या महाकाली दरवाज्यावरील लेखात हिजरी ८९२ (इ. स. १४८७) हे वर्ष असून त्यामुळे बहमनी सत्तेच्या अखेरच्या पर्वातील या अलंकृत बांधकामाचा काळ निश्चित होतो.

ताम्रपटांची गोष्ट अशीच आहे. अचलपूरजवळील चम्मक येथे सापडलेल्या वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याच्या ताम्रपटात भोजकट राज्यातील, मधुनदीच्या काठचे चर्मांक हे गाव एक हजार ब्राह्मणांस दान दिल्याचा उल्लेख आहे. दानात दिलेले गाव व ताम्रपट सापडलेले गाव एकच असल्याचे निश्चित करता आले, याचे कारण सापडण्याच्या स्थळाची नोंद राहिली. फ्लीट याने हा लेख १८८८ मध्ये व वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या इतर लेखांबरोबर १९६३ मध्ये संपादून प्रसिद्ध केला. रिद्धपूर येथे मिळालेल्या प्रभावतीगुप्तेच्या ताम्रपटामुळेही या भागाच्या इतिहासात मोलाची भर पडली. स्थळाची नोंद न होता मोडीत गेलेल्या ताम्रपटाचे केवळ तांबेच उरते.

कायद्याचा विकास : स्मारकांविषयीचे आरंभीचे नियम बंगाल (१८१०) व मद्रास (१८१७) इलाख्यांत झाले. १८७८ च्या निखात निधी अधिनियमाने जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किंमतीच्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक केले. लॉर्ड कर्झनच्या कारकीर्दीत संमत झालेला प्राचीन स्मारक संरक्षण अधिनियम, १९०४ हा मात्र या क्षेत्रातील पहिला व्यापक कायदा होय. स्मारक ‘संरक्षित’ घोषित करणे, खाजगी मालकाशी करार करणे, पालकत्व स्वीकारणे आणि पुराणवस्तूंच्या हलवाहलवीवर नियंत्रण ठेवणे या तरतुदी त्यात प्रथम आल्या.

वऱ्हाडात या कायद्यांच्या अंमलाची घटनात्मक बाजू काहीशी वेगळी होती. १८५३ च्या तहान्वये निजामाने हा प्रदेश इंग्रजांकडे सोपविला व १९०२ च्या करारान्वये तो कायमच्या पट्ट्याने दिला. पण निजामाचे सार्वभौमत्व तत्त्वतः कायम राहिले. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत. ते स्वतंत्र अधिसूचनांद्वारे लागू करावे लागत. १९४१ च्या वऱ्हाडविषयक अधिनियमाने अनेक केंद्रीय कायदे या प्रदेशास थेट लागू करून ही अडचण बव्हंशी दूर केली. पुढे वऱ्हाड १९५० मध्ये मध्य प्रदेश, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई व १९६० मध्ये महाराष्ट्र राज्याचा भाग झाला.

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत हा विषय तीन सूचींत विभागलेला आहे. राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून संसदेने कायद्याने वा कायद्यान्वये घोषित केलेली स्मारके संघ सूचीत (नोंद ६७), इतर प्राचीन स्मारके राज्य सूचीत (नोंद १२) व इतर पुरातत्त्वीय स्थळे समवर्ती सूचीत (नोंद ४०) आहेत. अनुच्छेद ४९ अन्वये राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण करणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य ठरते. १९०४ च्या कायद्यान्वये संरक्षित असलेली स्मारके १९५१ च्या अधिनियमाने राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून पुन्हा घोषित झाली. त्यानंतरचा १९५८ चा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम १९५९ मध्ये अंमलात आला. महाराष्ट्र शासनाचा याच विषयावरील अधिनियम १९६० चा असून तो १९६१ चा महाराष्ट्र अधिनियम क्र. १२ म्हणून ओळखला जातो. सुट्या पुराणवस्तूंच्या नोंदणीसाठी व निर्यातीवरील निर्बंधांसाठी १९७२ चा पुराणवस्तू व कलानिधी अधिनियम आहे. तो १९७६ पासून अंमलात आला.

घोषणेची पद्धती : १९५८ च्या अधिनियमाप्रमाणे स्मारक किमान शंभर वर्षे जुने असावे लागते. केंद्र शासन ते राष्ट्रीय महत्त्वाचे घोषित करण्याचा इरादा राजपत्रात प्रसिद्ध करते आणि त्या सूचनेची प्रत स्मारकाजवळ ठळक ठिकाणी लावली जाते. दोन महिन्यांच्या मुदतीत हितसंबंधी व्यक्तींना हरकती नोंदविता येतात. हरकतींचा विचार करून अंतिम अधिसूचना काढली जाते. घोषणेमुळे मालकी हक्क आपोआप शासनाकडे जात नाही. मालकाशी करार करून, पालकत्व घेऊन किंवा आवश्यक तर संपादन करून संरक्षण साधता येते. पूजास्थान असलेल्या स्मारकात उपासनेस बाध येत नाही. मात्र वास्तूच्या स्वरूपाशी विसंगत असा वापर करता येत नाही. २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित क्षेत्राच्या सीमेपासून शंभर मीटरपर्यंतचा पट्टा प्रतिषिद्ध व त्यापुढील दोनशे मीटरचा पट्टा विनियमित ठरविण्यात आला. स्मारकाची हानी करणाऱ्यास असलेली तीन महिन्यांच्या कैदेची कमाल शिक्षा दोन वर्षांपर्यंत व दंडाची मर्यादा पाच हजारांवरून एक लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली.

स्मारकांचे प्रकार व त्यांच्या अडचणी : (१) डोंगरी किल्ले : चिखलदऱ्याजवळील गाविलगड व अकोट तालुक्यातील नरनाळा हे राष्ट्रीय महत्त्वाचे किल्ले मेळघाटच्या अरण्यप्रदेशात आहेत. त्यांना स्मारकविषयक कायद्याबरोबरच वन व वन्यजीवविषयक कायदेही लागू पडतात. या दुहेरी बंधनामुळे अतिक्रमणास आळा बसतो. उलट तटांच्या सांध्यांत रुजलेले पिंपळ व वड काढणे, पाण्याची टाकी उपसणे किंवा बांधकामसाहित्य वर नेणे यांसाठी दोन खात्यांचा मेळ घालावा लागतो. एका पावसाळ्यात सुटलेला चिरा वेळीच बसविला नाही, तर पुढील काही वर्षांत त्याभोवतीचा तट ढासळतो. म्हणून येथे मोठ्या जीर्णोद्धारापेक्षा नियमित डागडुजी अधिक उपकारक ठरते.

(२) मंदिरे : बार्शीटाकळी व दर्यापूर तालुक्यातील लासूर येथील आनंदेश्वर यांसारखी मंदिरे लोकांच्या नित्य श्रद्धेची स्थाने आहेत. श्रद्धेमुळेच ती टिकली, हे मान्य करावे लागते. परंतु श्रद्धेपोटी केलेले शेंदराचे लेप, तैलरंग, सिमेंटचा गिलावा व गुळगुळीत फरशा यांखाली शिल्पे व लेख झाकले जातात. असंरक्षित ग्रामीण मंदिरांत हा धोका सर्वाधिक असतो. तेथे जीर्णोद्धार म्हणजे जुने पाडून नवे बांधणे, असा अर्थ घेतला जातो.

(३) नगरांतील वास्तू : अमरावतीचा परकोट एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पेंढाऱ्यांपासून व्यापारी वस्तीच्या रक्षणासाठी निजामाच्या राजवटीत बांधण्यात आला. त्यास पाच दरवाजे व चार खिडक्या होत्या. अकोल्यातील असदगडाचे अवशेष, तसेच मन व म्हैस या नद्यांच्या संगमावरील बाळापूरचा किल्ला व तेथील मिर्झा राजा जयसिंगाची म्हणून प्रसिद्ध असलेली छत्री याच वर्गात येतात. तटाला टेकून उभी राहिलेली घरे, वाहतुकीसाठी रुंद होणारे रस्ते व नदीचे पूर यांपासून त्यांचे रक्षण करणे हे पुरातत्त्व खात्याइतकेच नगरपालिका व महानगरपालिकांचे काम आहे.

(४) पांढरीची टेकाडे : काळ्या कपाशीच्या जमिनीत उठून दिसणारी, राखट मातीची ही टेकाडे म्हणजे शतकानुशतके एकाच जागी नांदलेल्या गावांचे थर होत. वर्धा नदीकाठच्या कौंडिण्यपूर येथे मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले व त्याचा अहवाल १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. चांदूर बाजार तालुक्यातील तुळजापूर गढी येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९८४–८५ मध्ये केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वसाहत उघडकीस आली. त्याच तालुक्यात, पूर्णेच्या काठी फुपगाव येथे २०१८–१९ मध्ये लोहयुगीन वसाहतीचे अवशेष मिळाले. अशी टेकाडे दिसावयास सामान्य असल्याने त्यांची उपेक्षा सर्वांत जास्त होते. धाब्याच्या घरांवर पसरण्यासाठी पांढरी माती खणून नेण्याची वऱ्हाडात जुनी रीत आहे. पूर्वी हे काम कुदळीने व घमेल्याने होई. आता यंत्रांनी एका दिवसात कित्येक शतकांचे थर नाहीसे होऊ शकतात. मंदिराचा निखळलेला दगड पुन्हा बसविता येतो. उपसलेला मातीचा थर मात्र पूर्ववत करता येत नाही आणि त्यातील खापरे, धान्याचे दाणे व चुली यांचा परस्परसंबंध कायमचा नष्ट होतो.

मूल्यमापन : देशात सु. ३,७०० व महाराष्ट्रात सु. २८५ स्मारके केंद्र-संरक्षित आहेत. राज्य-संरक्षित स्मारके त्यांहून वेगळी. तरीही असंरक्षित अवशेषांची संख्या या दोहोंपेक्षा पुष्कळच मोठी आहे. केवळ यादीत नाव असणे पुरेसे नसते, हे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या २०१३ च्या अहवालाने दाखवून दिले. प्रत्यक्ष पाहणी केलेल्या १,६५५ केंद्र-संरक्षित स्मारकांपैकी ९२ स्मारके जागेवर आढळली नाहीत. त्यांतील काहींचा पुढे शोध लागला, तर शोध न लागलेली काही स्मारके २०२४ मध्ये यादीतून वगळण्यात आली. २००७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्मारके व पुराणवस्तू अभियानाने असंरक्षित वास्तूंच्या नोंदीचे काम हाती घेतले आहे. मात्र गावपातळीवरील सहकार्यावाचून ते पूर्ण होण्यासारखे नाही.

या दृष्टीने महसुली दप्तराचे महत्त्व मोठे आहे. स्मारकाची वा टेकाडाची नोंद सातबारा उताऱ्यावर व गावनकाशावर असेल, तर जमिनीची विक्री, बिनशेती परवानगी किंवा माती उत्खननाचा परवाना देताना ती अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडते. ती नसेल, तर कायदा मोडल्याचे कळेपर्यंत अवशेष उरत नाहीत. तलाठी, ग्रामपंचायत, शाळा व स्थानिक अभ्यासक यांनी आपल्या शिवारातील कोरीव दगड, वीरगळ, जुन्या बारवा व पांढरीची टेकाडे यांची स्थळासह नोंद करून ती पुरातत्त्व खात्यास कळविणे, हाच संरक्षणाचा पहिला व सर्वांत अल्पखर्ची टप्पा होय.

पहा : अचलपूर; अमरावती जिल्हा; अकोला जिल्हा; कौंडिण्यपूर; गाविलगड; नरनाळा; पुरातत्त्वविद्या; वाकाटक घराणे; हेमाडपंती वास्तुशैली.