कोळसा काढणारीं यंत्रें

भूगर्भांतील कोळसा वर आणावयाचा म्हणजे मुख्यतः चार कामें करावीं लागत. थराची भिंत पायथ्याशीं कापावयाची, वरचा भाग सुरुंगानें पाडावयाचा, पडलेला कोळसा गाड्यांत भरावयाचा आणि त्या गाड्या बाहेर न्यावयाच्या. हीं सर्व कामें प्रथम मनुष्याच्या व जनावरांच्या बळावर चालत. थर बुटका असला म्हणजे खाणकामगार कुशीवर पडून कुदळ चालवी.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दाबलेल्या हवेवर, व पुढें विजेवर, चालणारीं यंत्रें आलीं आणि कापण्याचे कष्ट कमी झाले. भरण्याचें काम मात्र फावड्याकडेच राहिलें. कापणी कितीही जलद झाली तरी फावडें उचलील तितकाच कोळसा बाहेर पडे. ही अडचण दूर करणारांत अमेरिकेंतील जोसेफ जॉय हा अग्रगण्य होय. लहानपणींच खाणींत उतरलेल्या या गृहस्थास १९१९ सालीं भरणी-यंत्राचें पेटंट मिळालें. त्या यंत्राचे दोन पोलादी हात खेकड्याच्या नांग्यांप्रमाणें आळीपाळीनें कोळसा कवटाळून सरकत्या साखळीवर ओढीत. १९४८ सालीं जॉयचें नांव धारण करणाऱ्या कंपनीनें सलग खणणारें यंत्र पुढें आणलें. त्याच्या दांतेरी साखळ्या भिंतींतून कोळसा ओरबाडून लागलीच मागें लोटीत. कापणें, सुरुंग लावणें व भरणें या तिन्ही कामांची जागा एकाच यंत्रानें घेतली.

परंतु या प्रगतीबरोबर धूळहि वाढली. वेगानें फिरणारे दांते कोळशाचें पीठ करतात. त्याचे सूक्ष्म कण फुप्फुसांत जाऊन रुततात आणि कालांतरानें मनुष्यास चार पायऱ्या चढणेंहि कठीण होतें. शिवाय हवेंत तरंगणाऱ्या धुळीनें पेट घेतल्यास भयंकर स्फोट होतो.

नोव्हेंबर १९६८ मध्यें वेस्ट व्हर्जिनिया संस्थानांतील फार्मिंग्टन येथें खाणींत स्फोट होऊन ७८ कामगार मरण पावले, आणि खाणकामगारांच्या स्थितीकडे साऱ्या देशाचें लक्ष वेधलें. पुढील फेब्रुवारींत त्याच संस्थानांतील सुमारें चाळीस हजार कामगारांनीं फुप्फुसरोगाच्या भरपाईसाठीं संप केला. वर्षअखेर मध्यवर्ती सरकारनें कायदा करून खाणींतील हवेंत किती धूळ चालेल याची मर्यादा ठरविली. आतां दांत्यांजवळ पाण्याचे फवारे सोडतात, पंख्यांनीं हवा खेळवितात, व धूळ पेटूं नये म्हणून भिंतींवर चुनखडीची भुकटी पसरतात.

तरीहि रोग संपलेला नाहीं. अ‍ॅपलेशियन डोंगरांतील जाड थर पुष्कळसे संपल्यामुळें पातळ थरांबरोबर यंत्र दगडहि कापतें, आणि दगडांतील गारेची धूळ कोळशाहून घातक असते. त्यामुळें तरुण कामगारांतहि हा रोग पुन्हा आढळूं लागला आहे. म्हणून यंत्र किती टन कोळसा काढतें एवढेंच विचारून भागत नाहीं. तें चालविणाऱ्याच्या श्वासांत काय जातें, हेंहि मोजलें पाहिजे.