दरबार उठला, भजन राहिले

नाशिक म्हटले की रामकुंड, काळाराम आणि टाळ-मृदंगाचा गजर आठवतो. पण त्याच टाळ-मृदंगाच्या साथीने ख्रिस्ताचे भजनही मराठीत होते, हे पुष्कळांच्या गावी नसते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नाशिकला शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसली. त्या काळची ख्रिस्ती गीते बहुधा इंग्रजीवरून उतरविलेली, विलायती चालीत कोंबलेली. इंग्रजी गीत चालते आघातावर, आपली कविता चालते मात्रांच्या आणि अक्षरांच्या मापाने. मग शब्द ताणावे लागत आणि अर्थ मागे राही.

अहमदनगरला कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली होती. तिचा राजरस्ता केला नारायण वामन टिळकांनी. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण अभंग सोडला नाही. तुकारामांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानीत. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले तेथे एका पंक्तीस बसत. हा पंथ कोणत्याच चौकटीत मावणारा नव्हता. १९१९ साली टिळक वारले आणि दरबाराचा प्राणच गेला. त्यांची पदे मात्र ‘उपासना-संगीता’त राहिली आणि मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या कंठी बसली.

नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाईंचा प्रवास याहून बिकट. नवऱ्याच्या धर्मांतराने त्यांचा संसार काही वर्षे दुभंगला. पुढे १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, आणि टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी पुरे केले. ‘स्मृतिचित्रे’ आपण डोक्यावर घेतली, ते योग्यच झाले.

पण आम्ही मराठीचे मास्तर वर्गात काय शिकवितो? टिळक म्हणजे ‘फुलांमुलांचे कवी’! त्यांची भजने देवळातली, म्हणून ती वाङ्मयाच्या हिशेबात नाहीत. हाच न्याय लावला तर तुकोबांचेही अभंग देवळातलेच की! वारी न करणारा त्यांचा अभंग वाचतो, तर चर्चला न जाणाऱ्याने टिळकांचे पद का ऐकू नये?

पुस्तक शब्द जपते. चाल मात्र गळ्यातून गळ्यात जाते आणि गळा थांबला की तीही थांबते. आज खिशातल्या फोनवर ध्वनिमुद्रण होते. जुन्या गायकांसमोर बसून त्यांच्या चाली टिपाव्यात. कोणाकडून शिकलात, ठेका कोणता, तेही विचारावे. आणि महाविद्यालयाच्या ग्रंथालयात अभंगांच्या गाथेशेजारी ही मुद्रिते ठेवावीत. दिवाळीच्या पहाटे आपण भक्तिगीते ऐकतोच. त्यांत टिळकांचे एखादे पद आले, तर मराठी भक्तीचे घर थोडे मोठे दिसेल, इतकेच.