दोन फणस आणि बेपत्ता अमिया

हिंदी चित्रपटांतील पोलिसांच्या आडनावांकडे प्रेक्षक सहसा लक्ष देत नाहीत. ‘दबंग’मधील चुलबुल पांडे, ‘सिंघम’मधील बाजीराव सिंघम, ‘सिम्बा’मधील संग्राम भालेराव ही काही नावे. यांतील सिंघमची बदली कोलव्याला होते, तर भालेरावची मिरामारला. त्यामुळे गोमंतकीयांना हे दोघे जवळचे. वर्दी चढवली की या नायकांची जात पडद्यावर उरतच नाही. यशोवर्धन मिश्रा दिग्दर्शित ‘कटहल’ (२०२३) या विनोदी चित्रपटाने मात्र नायिकेचे नावच महिमा बसोर असे ठेवले.

बसोर हा बांबूकाम करणारा समाज. मध्य प्रदेशच्या अनुसूचित जातींच्या यादीत ‘बुरूड’ हे नाव त्याच नोंदीत येते; मराठी वाचकाला म्हणून तो परका नाही. सान्या मल्होत्राने साकारलेली ही महिमा शिपाईपदावरून निरीक्षक झाली आहे. तिचा प्रियकर सौरभ द्विवेदी त्याच ठाण्यात शिपाई आहे. तो ब्राह्मण, पण हुद्द्याने खालचा. त्यांच्या लग्नाआड जात आणि हुद्दा या दोन्ही गोष्टी उभ्या राहतात, त्याही परस्परविरुद्ध दिशांनी. यातून होणारी कुचंबणा चित्रपटात भाषणबाजी न करता, हसत-हसत येते.

कथेचे निमित्त क्षुल्लक आहे. मोबा या काल्पनिक गावातील आमदार पटेरिया यांच्या अंगणातून ‘अंकल हॉन्ग’ या मलेशियन जातीचे दोन फणस चोरीला जातात आणि सारे पोलीस दल त्यांच्या मागे लागते. ही अतिशयोक्ती वाटेल. पण २०१४ मध्ये दिल्लीत एका खासदाराच्या बंगल्यातून दोन फणस गेल्यावर पोलिसांनी खरोखरच तपास केला होता. त्याच वर्षी रामपुरात एका मंत्र्याच्या म्हशी शोधण्यासाठीही पोलीस धावले होते. इथे विडंबनकाराला फारसे काही रचावे लागलेले नाही.

संशय अर्थातच माळ्यावर येतो. त्याची मुलगी अमिया बेपत्ता आहे, पण तिच्या शोधासाठी माणसे द्यायला वरिष्ठ तयार नाहीत. मग महिमा एक युक्ती करते. फणस अमियानेच चोरले, असे ती वरिष्ठांना सांगते आणि क्षणात सारी यंत्रणा कामाला लागते. गरिबाची मुलगी हरवली तर ती ठाण्यातल्या वहीतली एक ओळ. तीच आमदाराच्या मालाची चोर ठरली की सरकारी गाड्या निघतात. चित्रपटाचा सारा राजकीय आशय या एका खोटेपणात सामावला आहे, आणि प्रेक्षक त्यावर हसतो हे त्याचे खरे यश.

उणीवही इथेच आहे. व्यवस्था निष्ठुर असली, तरी तिला वळवणारी एक सज्जन अधिकारी मिळते आणि प्रश्न सुटतो. शिवाय, जिच्यासाठी ही धावपळ चालते त्या अमियाला स्वतःचे असे बोलायला फारच थोडे मिळते. ती बहुतांशी शोधाचा विषयच राहते. ७१व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ‘कटहल’ला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा मान मिळाला. महिमाच्या जागी चुलबुल पांडे असता, तर अमियाचा शोध कुणी, कशासाठी घेतला असता?